काशाची वाटी

बोरी अरब गावात आश्विनातली सकाळ रोजच्यासारखीच उजाडली. अंगणात सडा पडला. गॅसच्या एका शेगडीवर नानाजींसाठी बिनतिखटाचे पडवळ शिजले, दुसरीवर त्यांच्या पत्नी बेबीताईंच्या शिदोरीची भाकर फुगली. रात्री भिजत घातलेल्या मनुका नानाजींनी सावकाश चावून खाल्ल्या, वरचे पाणी पिऊन टाकले आणि ओसरीतल्या खाटेवर ते पाय लांब करून बसले.

बेबीताई खाली जमिनीवर टेकल्या. काशाच्या वाटीच्या बुडाला तूप लावून त्या नानाजींचे तळपाय घासू लागल्या. तूप आधी राखाडी झाले, मग काजळासारखे काळे. हा काळेपणा म्हणजे अंगातून उतरलेली उष्णता, असे गावात सगळेच मानत. नानाजी तर तो पाय वळवून रोज न्याहाळत.

"पाह्यलं का, आज कितीक निंगाली!"

"निंगाली बाप्पा," बेबीताई म्हणाल्या. काळे तूप वाटीच्या काठाने निपटून त्यांनी वाटीतच घेतले आणि गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या.

भादव्यापासून नानाजींचे पित्त खवळले होते. दारव्ह्याच्या वैद्यांनी शरद संपेपर्यंतचे पथ्य घालून दिले होते. ऊन नको, दही नको, तिखट नको, चिडणे नको. नानाजींनी ते निष्ठेने पाळले आणि त्यांना उतारही पडला. कापूस वेचणीच्या बायांबरोबर दिवसभर पऱ्हाटीत उभे राहण्याचे त्यांचे काम तेवढे बेबीताईंकडे गेले होते.

वर्तमानपत्र उघडल्यावर चष्मा आत राहिल्याचे नानाजींच्या लक्षात आले. एरवी त्यांनी हाक मारली असती. आज ते स्वतःच उठले.

स्वयंपाकघराच्या दाराआड बेबीताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगडे घोट्याच्या वर घेतलेले, टाचांना भेगा, तळवे लालबुंद. वाटीतले काळे तूप बोटाने काढून त्या घाईघाईने आपल्या तळपायांना चोळत होत्या.

"काय करून राह्यली वं?"

बेबीताईंनी लुगडे खाली ओढले. "काई नाई. उरलं तूप कायले फेकाचं?"

"उरलं? काळं हाय ना ते. माह्या पायातली गरमी हाय ते!"

"असू द्या. रातभर पाय जयते माहे. हे लावलं का घडीभर बरं वाटते."

"रातभर? कधीपासून?"

"वेचनी लागली तवापासून."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"तुमाले चिडू नको म्हने वैद्य," बेबीताई उठता उठता म्हणाल्या. "सरका, शिदोरी बांधाची हाय. बाया येतीनच आता."

नानाजी सरकले नाहीत. बेबीताईंच्या हातातल्या त्या वाटीकडे ते पाहत राहिले. जे रोज आपल्या अंगातून निघाले म्हणून आपण समाधानाने पाहिले, ते रोज कुठे गेले, हे त्यांच्या ध्यानात येत होते. त्यांनी वाटी काढून घेतली आणि मोरीवर जाऊन राखेने घासली. भांडी त्यांनी घासली असतील ती लहानपणीच. राख मनगटापर्यंत माखली. वाटी लख्ख झाल्यावर ते तुपाचा डबा घेऊन ओसरीत आले.

"इकडं ये. खाटेवर बस."

"मी? अन् तुमी?"

नानाजी खाली जमिनीवर बसले होते.

"अवो, काय करून राह्यले? नवऱ्यानं पाय धरले त पाप लागते बाईले!"

"लागू दे. अर्धं मी घेतो."

"मंग आत तरी चाला. रस्ता हाय समोर, लोक पाहतीन."

"मी कधी आत बसलो का?"

बेबीताई खाटेच्या काठावर अंग चोरून बसल्या. नानाजींनी त्यांचा पाय मांडीवर घेतला. पाय कढत होता. भेगांमध्ये काळी माती रुतली होती. वाटी कशी फिरवायची, हे इतके दिवस पाहूनही त्यांना नीट जमेना.

"गुदगुल्या होते जी! दाबून धरा जराशी."

त्यांनी दाबून धरली. तूप राखाडी होऊ लागले.

रस्त्यावरून वेचणीच्या बाया आल्या. पुढे विमलताई होत्या. ओसरीसमोर त्या थबकल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. बेबीताईंनी पाय ओढून घेतला, पण तो नानाजींनी सोडला नाही.

"विमलबाई, तुमी व्हा पुढं," वर न पाहता ते म्हणाले. "ही आज घरीच हाय. मी येतो मांगून, छत्री घेऊन. दुपारच्या उन्हात कोनी वेचू नका, झाडाखाली बसा. उतरत्या उन्हात वेचू."

"बसतो जी," विमलताई म्हणाल्या. "पन एक करा. संध्याकाळी माह्या बुढ्याले बी शिकवा हे!"

बाया हसत पुढे गेल्या. त्यांचे बोलणे वळणापर्यंत ऐकू येत राहिले. बेबीताई मान खाली घालून बसल्या होत्या. वाटीखालचे तूप आता पुरते काळे झाले होते. ते निपटून घेण्यासाठी सवयीने त्यांचा हात पुढे आला.

नानाजींनी वाटी बाजूला केली. काळे तूप फडक्याने पुसून टाकले, डब्यातून बोटभर नवे तूप घेतले आणि बेबीताईंचा दुसरा पाय मांडीवर ओढला.