बुधाजीची मांडी

ह्यातला शब्द न् शब्द खरा. खोटा निघाला तर माझी जीभ झडो, कवळीसकट.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. वरळीच्या बीडीडी चाळीला पोलिसांनी वेढा घातलेला, गॅलऱ्यांतून बाया थाळ्या बडवत होत्या, आणि कमळाबाई आपल्या खोलीच्या दारात दोन्ही हात पसरून उभी. पोलिसांना पत्रकं वाटणारा रघुवीर हवा होता. तिला फक्त नवऱ्याची मांडी वाचवायची होती.

बुधाजी आत खाटेवर. एके काळी गिरणीत दिवसभर साच्यावर उभा राहणारा गडी, पण कसल्याशा आजाराने अंगातलं मांस विरत गेलं. डॉक्टर म्हणाले होते, स्नायू काम करेनासे झाले की हाडंसुद्धा आतून पोकळ होतात, भाजलेल्या पापडासारखी. गेल्या साली नुसती कूस बदलताना त्याची मांडी मोडली होती. सहा महिने प्लास्टरात.

"साहेब, ह्यांना हात नका लावू," ती इन्स्पेक्टरला म्हणाली. "उचलायचंच असेल तर मला उचला."

साहेब बिचकला. हवालदार कसला ऐकतोय. त्याला गादीखाली पत्रकं आहेत असा दाट संशय. त्याने बुधाजीला जरासं कुशीवर लोटलं मात्र, कट् असा आवाज झाला, आणि बुधाजीने अशी बोंब ठोकली की खालच्या मजल्यावरच्या थाळ्या थांबल्या.

कमळाबाई दार सोडून खाटेशी धावली. साहेब पांढराफटक. स्ट्रेचर कुठलं चाळीत? खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं, त्यावर बुधाजीला निजवला. दार धरायला चार शिपाई, आणि मांडी सरळ धरायला चाळीतलाच कुणीतरी धावला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. जिन्याच्या वळणावर साहेब कळवळून सांगत होता, "हळू रे, त्याच्या पायाकडे बघा." सगळे पायाकडेच बघत होते. कमळाबाईसुद्धा.

वेढा फाकला. साहेबाने स्वतःची गाडी दिली, वर हात जोडले.

हॉस्पिटलच्या ओट्यावर दार टेकवून गाडी परत गेली. कमळाबाईने डोळ्याला पदर लावला, फार दुखतंय का म्हणून विचारायला वाकली.

बुधाजीने एक डोळा उघडला. "कमळे, रडू नको गं. रघुवीर, सोड आता मांडी, आणि पळ."

तर हे असं, सगळं खरं. हाड मोडल्याचं तेवढं रचलेलं, पण ते मी नाही, बुधाजीने. मोडली होती ती कमळाबाईची लाकडी फणी, त्याने पांघरुणाखाली मुठीत धरलेली.