सहा आकडे

कमरेला खोचलेला दुसरा फोन टुणकन वाजला आणि मासळी विकायला बसलेल्या पुतळाच्या हातातला कोयता पापलेटावरच थांबला. पहिला फोन तिच्या कानाला होता. त्यातला घोगरा, बसलेला आवाज म्हणत होता, आला ना ओटीपी, सांग ना गं पटकन.

आवाजाचं म्हणणं, तो प्राचीचा आहे. प्राची म्हणजे पुतळाची एकुलती एक लेक, दिवाळे गावातली पहिली नर्स. चार दिवसांपूर्वी ती नोकरीसाठी डब्लिनला गेली होती. जाताना आपलं सिम तिनं एका जुन्या बटणाच्या फोनात घालून आईच्या हवाली केलं. तिथला नंबर मिळेपर्यंत बँकेचे ओटीपी ह्या फोनवर येतील, ते मला वाचून दाखवायचे, एवढंच काम. आणि वर दहादा बजावलं, दुसरं कोणी मागितलं, अगदी देव जरी उतरला, तरी सांगायचा नाही.

पण मागणारी प्राचीच की दुसरी कोणी, हे ओळखायचं कसं, ते काही पोरीनं शिकवलं नाही. एवढी शिकलेली, पण नेमकं तेवढंच राहिलं बघा. उलटा फोन करून खात्री करावी, तर तिचा नंबर इथं, आईच्या कमरेला.

आवाज सांगत होता, हा खोलीवाल्याच्या ऑफिसातला फोन आहे. सर्दीनं माझा घसा बसलाय. इथं साडेअकरा झालेत आणि बाराच्या आत मोबाइलवरून डिपॉझिट भरलं नाही, तर खोली माझ्यामागं उभ्या असलेल्या मुलीला जाईल. कंपनीनं दिलेली जागा आज सकाळीच सोडलीय, दोन बॅगा घेऊन मी उभी आहे, रात्री कुठं जाऊ?

पुतळाचा जीव टांगणीला लागला. त्या खात्यात प्राचीची पाच वर्षांची नोकरी होती आणि पुतळानं जन्मभर विकलेली मासळी होती. शेजारच्या पाटीवर बसलेली रखमा हातानं नको नको म्हणून खुणावत होती. गणपतीत तिला असाच भाच्याचा फोन आला होता. भाचा हुंदके देऊन रडत होता, हुबेहूब त्याचाच आवाज. रखमानं आकडे सांगितले आणि तिचं खातं धुऊन निघालं. खरा भाचा त्या वेळी सानपाड्याला आपल्या घरी झोपला होता.

"ठेव तो फोन," रखमा कुजबुजली. "तुझ्या हातून आधी काय कमी नुकसान झालंय?"

हे मात्र पुतळाच्या वर्मी लागलं. सतरा वर्षं झाली, गाव काही विसरत नव्हतं. तिनं म्हणे नवऱ्याची होडी धक्क्याला नीट बांधली नाही. ओहोटीत होडी सुटली आणि पुलाच्या खांबावर जाऊन फुटली. त्या संध्याकाळी पुतळा ओलीचिंब घरी आली होती, विचारलं तर तोंडातून शब्द नाही. नवरा मरेपर्यंत दुसऱ्यांच्या होडीवर राबला आणि मरेपर्यंत तिला तेच ऐकवत राहिला. अजूनही कुठं काही बांधायचं निघालं की बायका हसतात, पुतळाच्या हातात दोरी देऊ नका गं.

ह्या घोळात पहिला ओटीपी वेळ संपून वाया गेला. दुसरा आला. पुतळानं विचारलं, तुझ्या बापाचं नाव काय? तुझा जन्म कधीचा? आवाजानं दोन्ही धडाधड सांगितलं. पण हे तर सगळ्या कागदांवर लिहिलेलं असतं, चोरालाही ठाऊक असणार. दुसराही गेला. आवाज रडायला लागला. रखमाचा भाचाही असाच रडला होता, हे आठवलं आणि पुतळाच्या पाचावर धारण बसली.

तिसऱ्यांदा फोन वाजला. हा शेवटचा, आवाज म्हणाला. आता चुकलं तर बँक उद्यापर्यंत दुसरा देणार नाही. तीन मिनिटं आहेत, आये.

पुतळानं कोयता ठेवला, हात पदराला पुसले आणि दोन्ही फोन घेऊन ती खाडीच्या कडेला गेली. रखमाला ऐकू जाणार नाही इतकी लांब.

"एकच सांग," ती म्हणाली. "आपली होडी कोनी सोडली?"

पलीकडचं रडणं थांबलं. गावातल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं, तर त्यानं पुतळाचंच नाव घेतलं असतं. तीनातलं एक मिनिट गेलं.

"मी सोडली, आये," आवाज अगदी बारीक झाला होता. "मला एकटीला होडीत बसून बघायचं होतं. दोरी हातातनं निसटली आणि मी घाबरून पळाले. बाबा तुला बोलायचे आणि मी गप्प बसायचे."

"चार, शून्य, सात," पुतळा वाचायला लागली. उरलेले तीन तिनं दोनदा सांगितले.

थोड्या वेळानं पलीकडून प्राची म्हणाली, पैसे भरले गेले. मग घाबरत घाबरत तिनं विचारलं, तुला माहीत होतं?

"तू पळालीस तवा मी होडीमागं पान्यात उडी टाकली होती," पुतळा म्हणाली. "हात नाय पुरला. आता चावी घे नि कायतरी गरम खा."

ती पाटीवर परत आली. पापलेट पुढ्यात ओढून तिनं कोयता उचलला. रखमाला काही राहवेना. तिनं विचारलं, दिलेस आकडे? पोरगी तुझीच, हे ओळखलंस कशावरनं?

"होडी कोनामुळं फुटली ते विचारलं," पुतळा म्हणाली. "माझंच नाव सांगितलं तिनं."