किलीफिशची अंडी

पाटोद्याच्या केदारनाथने मागवलेली किलीफिश माशांची अंडी ओलसर कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, पुडीत आली होती. तीन महिने तशीच जपून मग पाण्यात सोडायची. मुदत भरली तेव्हा पुडी जागेवर नव्हती. "कचरा समजून फेकली ना तुमी?" घरकामाला येणाऱ्या सत्यभामाबाईंवर तो शेजाऱ्यांदेखत ओरडला. बाई हातातलं काम टाकून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. आठवड्याने पुडी त्याच्याच कपाटात स्वेटरखाली निघाली. पाण्यात टाकल्यावर तासाभरात पापणीच्या केसाएवढी पिल्लं वळवळू लागली. तो तसाच बाईंच्या घरी गेला. त्या शेरडांना पाला टाकत होत्या. तो बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "भाऊ, घावली का वो अंडी? म्या उकिरडा दोनदा उकरला." "माझ्याच कपाटात व्हती. पिल्लंबी निघाली," तो पुटपुटला. "जिती हायेत नव्हं? लई बरं झालं!" बाई हसल्या. केदारनाथला मान वर करता येईना.