दणकट एसएसडी

फोटो साठवायला नवी एसएसडी घ्यायची म्हणून फोटोग्राफरसाहेबांनी तीन महिने दुकानदाराचं आणि बायकोचं डोकं खाल्लं. शेवटी घेतली ती सगळ्यात वेगवान. वरून पडो, पाण्यात भिजो, आतल्या फोटोंच्या केसालाही धक्का लागणार नाही अशी. "आता आपण निर्धास्त!" म्हणत त्यांनी ती खोक्यासकट गल्लीभर मिरवली.

काल त्यांची जुनी, खडखडणारी हार्ड डिस्क एकदाची गप्प झाली आणि जाताना एका नवरीचं अख्खं लग्न घेऊन गेली.

"अहो, नव्या एसएसडीत असतील ना ते फोटो?" बायकोनं घाबरून विचारलं.

साहेब भडकलेच.



"वेडी आहेस का? एवढी महागाची वस्तू रोज वापरून खराब करू? अजून वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही मी!"