कुठं दुखतंय?

लेकाला काहीही झालं, की आईकडं कारण तयार असायचं. "डोकं दुखतंय? जागरण केलंस. पाय दुखतायत? उंडारलास. पोट दुखतंय? वेळेवर जेवत नाहीस, मेल्या!"

अर्धांगवायूनं तिची वाचाच गेली.

आज सकाळपासून ती सारखी पोटावर हात ठेवत होती. दुकान बंद ठेवून लेक तिच्याभोवती नाचत होता. "गॅस झालाय? भूक लागली? जळजळतंय?" ती चिडून नुसती मान हलवायची. डॉक्टरही घरी येऊन पोट दाबून बघून, "काही नाही," म्हणून गेले. संध्याकाळी तो अगदी रडकुंडीला आला. "अगं आई, कुठं दुखतंय ते दाखव तरी!"



तिनं हात उचलला आणि सकाळपासून उपाशी असलेल्या लेकाच्या पोटावर ठेवला.