ओळख बघू कुठे

परीकथांच्या पुस्तकातल्या राजकन्येच्या चित्रासाठी मी मैत्रिणीलाच समोर बसवलं होतं. चार रविवार ती खिडकीपाशी मान अवघडेपर्यंत बसली, वर चहाही तिनेच केला. रंगवताना मात्र मला काही राहवेना. नाक जरा सरळ केलं, पुढचे दात आत घेतले, रंग दोन छटा उजळ केला. राजकन्या म्हटल्यावर एवढं चालायचंच, अशी स्वतःची समजूतही घातली.

पुस्तक छापून आलं तशी पहिली प्रत घेऊन तिच्याकडे गेले. "यात तू आहेस. ओळख बघू कुठे ते."

ती एकेक पान निरखत गेली. राजकन्येची पानं तिने सरळ उलटली. चेटकिणीच्या पानावर थांबली आणि खुदकन हसली. "सापडले! अगं, नाक बघ, दात बघ. हुबेहूब मीच की!"

चेटकीण मी कुणालाही समोर न बसवता, मनानेच काढली होती.

तिने कौतुकाने पेन पुढे केलं. "सही इथेच कर हं, माझ्या शेजारी."

बरं झालं, सही करायला मान खाली घालावीच लागते.