खालचं बटण आधी

सहावं

खालचं बटण आधी, कारण ते डोळ्यांना दिसतं. अदीबने शर्टाचं टोक डाव्या हातात धरलं, उजव्या चिमटीत बटण पकडलं, आणि ते निसटलं.

केंद्र चालवणाऱ्या साबिराने ते पाहिलं. रोजचा शर्ट मोठ्या बटणांचा. आज पाहुणे येणार म्हणून त्याच्या अम्मीने दोह्याहून आलेला नवा घालून पाठवला होता. बटणं हरभऱ्याच्या डाळीएवढी.

"याचं वय?" देणगी देऊ पाहणाऱ्या कंपनीच्या सीएसआर विभागातून आलेल्या प्रितमने टॅबवरची नजर न काढता विचारलं.

"चोवीस."

"आणि हे बटणांचं...?"

"चार वर्षं लागली, सर. आता त्याचं तो करतो. कुणी हात लावायचा नाही."

बटण भोकात गेलं.

पाचवं

टॅबवर फॉर्म होता. गावाच्या रकान्यात सुकापूर भरून झालं. मतिमंद प्रौढांसाठी दिवसभराचं केंद्र, हेही मावलं. मुलं एकोणतीस. साबिरा सगळ्यांना मुलंच म्हणायची, डोक्यावरचे केस पांढरे झालेल्या कमलाकरलासुद्धा. पुढचा रकाना: एका वर्षात किती जण रोजगाराला लागतील?

"लिहा, एकही नाही," साबिरा म्हणाली.

प्रितमने शून्य टाकलं. रकाना लाल झाला.

"घेत नाही, मॅडम."

"मग रिकामा सोडा."

"रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही."

चौथं

माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्याने सगळ्यांशी हात मिळवले होते, लाळेने ओल्या झालेल्या हातांशीही, आणि नंतर रुमाल काढला नव्हता. तिथेच साबिराला आशा लागली. जुना ट्रस्ट मार्चमध्ये हात काढून घेणार होता. दुसरं कुणी उभं राहिलं नाही, तर एप्रिलपासून दाराला कुलूप.

"यंदा सगळीकडे कौशल्य विकास चाललाय," तो म्हणाला. "वरच्यांना मी दुसरं काय दाखवू? दोन वर्षांपूर्वी आला असतात तर..."

"दोन वर्षांपूर्वी शौचालयं चालली होती, सर. आम्ही घेतली की."

तिने मागच्या दाराकडे बोट केलं. दोन शौचालयं, देणाऱ्याच्या नावाच्या पाटीसकट. त्याआधी कॉम्प्युटरचं साल होतं. तेव्हा मिळालेले दोन कॉम्प्युटर कोपऱ्यात जुन्या चादरीखाली मुकाट बसले होते. ज्या साली जे वाटत होते ते साबिराने झोळी पसरून आणलं होतं. मुलांना भरवणारी, धुणारीपुसणारी शकू मात्र कुठल्याच साली कुणाच्या यादीत बसली नाही.

तिसरं

निसटलं.

पुन्हा निसटलं.

साबिराच्या चिमटीत तिच्या ओढणीचं टोक होतं. बोटं आपोआप वळत होती, जणू इथून तिथलं बटण लागणार होतं.

लागलं.

दुसरं

प्रितमने आवाज खाली आणला. "एक रस्ता आहे. कागदी पिशव्यांचं युनिट टाका. ज्यांना जमेल अशी वीस घ्या. सौम्य केसेस. नवीन पनवेलमध्ये मिळतील तुम्हाला. वर्षअखेर वीस दाखवा, पास करून आणायचं माझ्याकडे लागलं."

"आणि ही मुलं?"

त्याने टॅबची काच उगाच पुसली.

शकू भिंतीशी हिबाचं तोंड पुसत होती. तिथूनच म्हणाली, "साहेब, ज्यांना कायच जमत नाय त्यांच्यासाठीच ही जागा हाय ना? जमणारी पोरं हितं कशाला येतील, आमची थोबाडं बघायला?"

"मावशी, मला कळतं हो. फॉर्मला कळत नाही."

"मग त्याला आणून बशवा हितं. मी भरवीन त्यालाबी."

प्रितम हसला. साबिराही हसली. आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं की आपण मनातल्या मनात मोजायला लागलोय. जिक्राला पिशवी दुमडता येईल. कुमारला शिकवली तर येईल. धर्मराजला येईल. हिबाला नाही. कमलाकरला नाही.

अदीबला...

पहिलं

गळ्याजवळचं बटण डोळ्यांना दिसत नाही. ते बोटांनीच शोधावं लागतं. त्या एका बटणाला अख्खं वर्ष गेलं होतं. अदीबने मान वर केली, पंख्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात हनुवटीखाली नेले.

"काय करू, मॅडम? पोर्टल आज संध्याकाळी बंद होतंय."

"सहा आमची," साबिरा म्हणाली. "बाकीची शोधते."

आवाज तिचाच होता.

"मग वीस टाकतो."

रकाना हिरवा झाला. पुढचं पान उघडलं. शकूचा हात हिबाच्या गालावर होता तिथेच थांबला.

"आपा," अदीबची हाक आली.

तो समोर उभा होता. सहाच्या सहा बटणं सरळ, एकही भोक चुकलेलं नाही. मान अजून वरच. तो एका शब्दासाठी थांबला होता.

"शाब्बास," साबिरा म्हणाली. रोजच्या सवयीने तोंडातून निघून गेलं.

चार वर्षं, दिवसातून दहा वेळा, शाब्बासच्या पाठोपाठ एकच गोष्ट यायची: पुन्हा पहिल्यापासून. अदीबचा चेहरा फुलला. त्याने गळ्याजवळचं बटण सोडलं, मग त्याच्या खालचं, मग एकेक करत सगळी. आणि शर्टाचं टोक डाव्या हातात धरलं.